72 फूट वाट आणि पाण्याचं तोंड

मे 2025 मध्ये गावच्या घराच्या बाजूने, कुंपणाला समांतर अशी सिमेंटची वाट करून घेतली. लांबी 72 फूट, रुंदी 3 फूट. काँक्रीट टाकायला तीन दिवस लागले. पण हे करायचं असं ठरलं तेव्हापासून शेवटचं घमेलं पडेपर्यंत दहा महिने गेले. त्या दहा महिन्यांतले बरेचसे फोन मी "अहो, तुम्हाला काही माहीत आहे का?" असे सुरू केले होते, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

घर रत्नागिरी जिल्ह्यात, उतारावरच्या वाडीत. जांभ्याचं, कौलारू. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घराची उत्तरेकडची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये 5 फुटांची पट्टी आहे. सिमेंटचे खांब, त्यांना काटेरी तार, पलीकडे शेजारच्या आबांचा भाताचा कुणगा. छपराच्या पागोळ्या वर्षानुवर्षं या पट्टीतच पडत आल्या आणि त्यांनी मातीत सरळ रेषेत चर पाडली. मागच्या न्हाणीकडे जायचा रस्ताही हाच. पावसाळ्यात सासूबाई तिथून तार धरून धरून जातात. जुलै 2024 मध्ये मी गेले तेव्हा त्यांच्या तळहातावर गंजाची तांबूस रेघ उमटलेली होती, आणि तार धरायला काटे टाळून जागा शोधायची कशी, ते त्यांनी मला दाखवलंसुद्धा. त्याच दिवशी कोठीच्या खोलीत तांदळाचं पोतं तळाशी ओलं लागलं. बाहेरून पाहिलं तर जोत्याच्या चिऱ्याखालची माती वाहून गेली होती. हात मनगटापर्यंत आत गेला.

दिवाळीत मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पट्टीत एक फेरी मारली आणि म्हणाले, "वहिनी, आठ दिवसांचं काम. पंचेचाळीस हजार धरा."

"आणि पाणी?"

"पाणी जाईल की कुंपणाकडे."

कुंपणाकडे म्हणजे आबांच्या कुणग्यात. तेव्हा मला तेवढं खटकलं नाही, कारण आजही पाणी तिकडेच जात होतं. डोंबिवलीला परत आल्यावर हिशेब केला. त्या बाजूला उतरणारं छप्पर साधारण 600 चौरस फूट. दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमच्याकडे तो जुलैत सहज पडतो, तर नुसत्या त्या छपरावरून साडेपाच हजार लिटर पाणी येतं. आज त्यातलं काही मुरतं, काही पसरतं. उद्या तिथे काँक्रीट झालं की मुरणं बंद, आणि वाटेवर पडणारं पाणी आणखी वर.

एका वकील मैत्रिणीला विचारलं. तिने जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीत वाहत असेल तर खालच्याने ते वाहू द्यायचं, हे 1882 च्या ईझमेंट कायद्यातच आहे. पण त्यातला भर "नैसर्गिकपणे" या शब्दावर. आपण ते पाणी गोळा करून, गटार बांधून, एका ठिकाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडलं तर ती गोष्ट वेगळी. "आणि कायदा बाजूला ठेव," ती म्हणाली, "तुला तिथे आयुष्यभर राहायचंय."

डिसेंबरात गावी गेले तेव्हा आबांकडे चहाला गेले आणि मिस्त्रींचा बेत सांगितला. आबा काही बोलले नाहीत. उठले, मला बांधावर घेऊन गेले आणि कोपऱ्यातल्या चिंचेच्या बुंध्याशी उभे राहिले. मुळं वीतभर उघडी पडलेली. "हे तुमच्या आताच्या पाण्याने, सूनबाई. अजून तुम्ही सिमेंट घातलं नाही हां."

त्या चिंचेपाशी माझा सगळा बेत उलटा झाला. आधी पाणी कुठे सोडायचं ते नक्की करायचं आणि तिथून मागे मागे येत वाट आखायची. आमच्या पट्टीचं पुढचं टोक पाखाडीला, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटेला लागतं आणि पाखाडीच्या पलीकडे पऱ्या, म्हणजे ओहोळ आहे. पाणी तिथे न्यायचं तर वाटेच्या कडेने गटार, पुढच्या कोपऱ्यात गाळखड्डा, पाखाडीखालून पाइप आणि पऱ्याच्या काठावर तोंड. म्हणजे दोन कागद हवे होते: कोपऱ्यावरची हद्द पक्की करणारा आणि पाखाडी खणायला परवानगी देणारा.

मोजणीचा अर्ज जानेवारी 2025 मध्ये ऑनलाइन भरला. हद्द कायम (म्हणजे हद्दीच्या खुणा पक्क्या करून घेणं), नियमित प्रकार. तेव्हा ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत फी होती 2,000 रुपये, द्रुतगतीला त्याच्या चौपट. पैसे भरणं सोपं निघालं, नावं भरणं नाही. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको: आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातले दोघे हयात नाहीत आणि एक दीर सुरतेला. आमच्याकडे सहधारकांची संमती मागितली गेली. ती गोळा करण्यात अख्खा डिसेंबर गेला होता. टीप एवढीच की कामाचा विचार मनात आला की पहिल्यांदा सातबारा काढून वाचा. मयतांच्या वारसनोंदी राहिल्या असतील तर तेवढ्याने एक उन्हाळा हातचा जाऊ शकतो. आमच्या नशिबाने वारसांची नावं चढलेली होती, फक्त जुनी नावं कंसात जाऊन बसली नव्हती, एवढंच.

मोजणीची तारीख आली 17 मार्च. म्हणजे ऐन शिमग्यात. मी कपाळावर हात मारला, पण झालं उलटंच. पालखी घरोघर फिरत होती, त्यामुळे मुंबईकर झाडून सगळे गावात. एरवी ज्यांना फोन करून करून बोलवावं लागलं असतं ते चुलत सासरे आपणहून खुर्ची टाकून बसले. भूकरमापकांनी रोव्हर (उपग्रहावरून मोजणारं यंत्र) लावला आणि दोन तासांत खुणा करून दिल्या. निष्पन्न काय? पुढच्या कोपऱ्यात कुंपण आमच्या बाजूला 7 इंच आत सरकलेलं, आणि मागच्या बाजूला आमचंच कुंपण आबांच्या जमिनीत 4 इंच. आबा आणि चुलत सासरे दोघेही एकदमच हसले. कुंपण आहे तिथेच ठेवायचं ठरलं. गटार मात्र दोन्ही रेषांच्या आत, म्हणजे कुंपण आणि मोजणीची हद्द यांपैकी जी आमच्या घराला जवळ तिच्या अलीकडे. क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, 21 एप्रिलला हातात आली.

मोजणी करायलाच हवी होती का, असं मला दोघातिघांनी विचारलं. कुंपणावरून वाद नसेल आणि पाणी आपल्याच जागेत मुरवणार असाल तर माझ्या मते नको. आमचा पाइप नेमका कोपऱ्यातून जाणार होता, म्हणून केली.

ग्रामपंचायतीचं प्रकरण एका शब्दावरून महिनाभर लांबलं. फेब्रुवारीत दिलेल्या अर्जात मी "सांडपाणी वाहून नेण्यासाठी" असं लिहिलं होतं. मला वाटलं, सरकारी भाषेत असंच लिहितात. अर्ज परत आला: सांडपाणी उघड्या पऱ्यात सोडता येणार नाही, शोषखड्डा करावा. बरोबरच होतं त्यांचं. सांडपाणी म्हणजे न्हाणीचं, मोरीचं पाणी. मला म्हणायचं होतं पावसाचं. आमचे ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ते ग्रामसेवकच) दोन गावं सांभाळतात, मंगळवार आणि शुक्रवार आमच्याकडे. त्यांनी समोर बसवून अर्ज पुन्हा लिहून घेतला: "छपराचे व अंगणाचे पावसाचे पाणी." सोबत नमुना 8 चा (घराच्या आकारणीचा) उतारा, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, हाताने काढलेला नकाशा आणि आबांचं संमतीपत्र. ते संमतीपत्र कोणी मागितलं नव्हतं, तरी मी जोडलं, आणि त्यामुळे मासिक सभेत कोणी प्रश्न काढला नाही असं नंतर कळलं. एप्रिलच्या सभेत ठराव झाला, पत्र मिळालं 2 मे रोजी. अटी दोन: पाइप पाखाडीच्या चिऱ्यांखाली किमान फूटभर खोल आणि पाखाडी होती तशी करून देणं.

5 मेला कुदळ पडली. मिस्त्रींची सवय मागून पुढे काम करत यायची. मी हट्टाने पऱ्यापासून सुरुवात करायला लावली. तोंडाची पातळी एकदा ठरली की ती हलत नाही, बाकी सगळं तिच्यावर बेतायचं. पाखाडीचे चिरे उपसताना बिगाऱ्यांनी प्रत्येकावर खडूने आकडा टाकला, ही त्यांची अक्कल, माझी नाही. 6 इंची पाइप बसला, चिरे आकड्यांनुसार परत गेले. संध्याकाळी गुरं त्यावरून नेहमीसारखी गेली.

5 फुटांची वाटणी अशी केली: जोत्याला लागून 3 फूट वाट, मग 9 इंच रुंद गटार, गटाराची बाहेरची भिंत एका चिऱ्याची आणि उरलेली आठेक इंच माती कुंपणाच्या खांबांसाठी तशीच सोडलेली. खांबाच्या बुडाशी खणू नका, आणि कुंपणालाच फळी टेकवून काँक्रीट ओतू नका. पहिल्या पावसात खांब कललेली दोन घरं मला माहीत आहेत.

गटाराला 100 फुटांना 1 फूट असा उतार धरला, म्हणजे 72 फुटांत साडेआठ इंच. वाट लांबीत चारच इंच उतरते, त्यामुळे गटार मागे 6 इंच खोल सुरू होतं आणि पुढे साडेदहा इंचांवर संपतं. वाटेला आडवा उतार पाऊण इंच, घराकडून गटाराकडे. हा पाऊण इंच पायाला कळत नाही, पण पाण्याला कळतो. मिस्त्रींना तो आधी मान्य नव्हता, "वाकडं दिसेल" म्हणून. शेवटी जोत्यावर पेन्सिलने रेघ मारली आणि दोरी त्या रेघेला बांधली.

आता ती चूक सांगते, कारण ती थोडक्यात वाचली. गटाराचा तळ आणि चिऱ्यांची भिंत 11 मेपर्यंत झाली होती. दुसऱ्या दिवशी प्लास्टर. लेव्हल बघायला मिस्त्रींकडे नेहमीची पाणी भरलेली पारदर्शक नळी होती, एक टोक त्यांच्या हातात, दुसरं बिगाऱ्याच्या. कागदावर सगळं जमत होतं. माझं मन मानेना. मी मागच्या टोकाला दोन बादल्या पाणी सोडलं आणि त्यात मूठभर भाताचा तूस टाकला. तूस छान निघाला. न्हाणीची पायरी ओलांडली, खिडकीखालून गेला आणि मध्यावर येऊन घोटाळला. थोडा पुढे, थोडा मागे, मग गोल गोल फिरत एका चिऱ्याला चिकटून बसला. तिथे साधारण 9 फूट तळ अर्धा इंच खचलेला होता. मिस्त्रींनी नळी उन्हात धरली, हळूहळू वर खाली केली, तेव्हा वळणापाशी गव्हाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा दिसला. ते काही बोलले नाहीत. बिगाऱ्याकडे बघून नुसतं "छिन्नी आण" म्हणाले. 9 फूट तळ फोडून परत केला. एक दिवस, दोन गोणी सिमेंट आणि 2,400 रुपये मजुरी. प्लास्टर झाल्यावर हे कळलं असतं तर तिथे जन्मभर डास झाले असते. नळी भरताना बादलीतून सावकाश भरावी, आणि दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवून पाणी एका रेषेत येतंय का ते आधी पाहावं, असं नंतर मिस्त्रींनीच मला शिकवलं.

मग वाटेखालची माती काढून, धुम्मसाने चोपून, 6 इंच डबराचं सोलिंग (मोठ्या दगडांचा थर) केलं आणि फटींत कच भरली. जोत्याखालची ती पोकळी आधीच चिऱ्याच्या कपच्या आणि सिमेंट घालून बुजवली होती. वाटेचं काँक्रीट 4 इंच जाड, माल एकास दीड, तीन (सिमेंट, कच, खडी). 72 फुटांच्या वाटेला बरोबर 72 घनफूट माल लागतो, म्हणजे पाऊण ब्रासला (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) थोडा कमी, आणि त्याला 17 गोणी. पाणी नळीने नाही, बादलीने मोजून: एका गोणीला 25 लिटर, फार तर 27. पातळ माल पटकन पसरतो म्हणून बिगाऱ्यांना तो आवडतो. मी दोनदा नळी बंद करून आले. लोकप्रिय झाले नाही.

दर 4 फुटांवर सांधा, म्हणजे 18 खण. 18 मेला एक सोडून एक असे नऊ खण ओतले, मधले नंतरच्या दोन दिवसांत. जोतं आणि वाट यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी, म्हणजे वाट हलली तरी भिंतीला ढकलणार नाही. नंतर पट्टीचा वरचा भाग काढून तिथे डांबर भरलं.

घोटाईवरून आमचं खरं भांडण झालं. मिस्त्रींना कोरडं सिमेंट भुरभुरून, थापीने आरशासारखं घोटून द्यायचं होतं. त्यांच्या लेखी तीच कामाची शान. पण आमच्याकडे ऑगस्टमध्ये घोटलेल्या खळ्यावर शेवाळ धरतं आणि माणूस उभ्याने आडवा होतो. मी खराटा आणून दिला. पृष्ठभागावरचं पाणी विरलं की हलक्या हाताने आडव्या रेघा मारायच्या. पहिला खण त्यांनी पडलेल्या चेहऱ्याने केला. तिसऱ्यापासून रेघा इतक्या सरळ यायला लागल्या की मधे कोणी बोललेलं त्यांना चालेना.

20 मेच्या दुपारी चारला शेवटचा खण ओतला. साडेचारला आभाळ भरलं. मे महिन्यात! वळीव येऊन जाईल असं सगळे म्हणत होते. ताडपत्री घातली, वाऱ्याने तिचं एक टोक उडालं आणि तेवढ्या तुकड्यावर टपोरे थेंब पडून देवीच्या व्रणांसारखे खळगे उठले. मला रडू येणं बाकी होतं. पाऊस काही थांबलाच नाही. 24 मेला अरबी समुद्रातलं ते डिप्रेशन (कमी दाबाचं क्षेत्र) रत्नागिरी ते दापोलीच्या मधे किनाऱ्याला आलं आणि 26 ला तर मान्सून मुंबईत होता. कोकणात त्या मे महिन्याची आठवण सगळ्यांना असेल, कोणाचे आंबे गेले, कोणाची लाकडं भिजली. आमचं क्युरिंग मात्र फुकटात झालं. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला निदान दहा दिवस ओल टिकवावी लागते. मी त्यासाठी गोणपाटं जमवली होती, ती तशीच राहिली.

24 तारखेला छत्री घेऊन गटाराशी उभी होते. पाणी पाऊण उंचीपर्यंत चढलं, पण काठ ओलांडला नाही. आणि मग अचानक चढायला लागलं. गाळखड्ड्यातल्या जाळीवर फणसाची पानं ताटलीसारखी चिकटून बसली होती. हाताने ओढून काढली, आणि खालून पऱ्याकडे घळाळा आवाज आला. ती बारीक जाळी दुसऱ्याच दिवशी काढली. आता बोटभर अंतराच्या सळ्या आहेत. गाळखड्डा दीड फूट बाय दीड फूट, आणि त्याचा तळ पाइपच्या तोंडापेक्षा फूटभर खाली. तो केला नसता तर पाखाडीखालचा पाइप पहिल्याच वर्षी तुंबला असता, कारण ऑगस्टअखेरपर्यंत आम्ही तीनदा घमेल्यांनी गाळ काढला. पऱ्यावरच्या तोंडाशी उरलेलं डबर पसरलं, काठ कापला जाऊ नये म्हणून. ते आबांचं सांगणं.

खर्च विचारला जातोच, म्हणून आकडे. मजुरी 34,500, तो फोडलेला तळ धरून. सिमेंट 30 गोणी, 380 ने 11,400. चिरे 190, 48 रुपयांनी 9,120. खडी आणि कच 11,000, डबर 6,000, पाइप, सळ्या आणि किरकोळ 5,200, मोजणी 2,000. एकूण 79,220. माझ्या जाण्यायेण्याचा खर्च यात नाही. मिस्त्रींचे पंचेचाळीस हजार काही खोटे नव्हते, नुसत्या वाटेचे ते तेवढेच झाले असते.

कोठीची खोली या पावसात कोरडी राहिली. सासूबाई अजूनही जाताना हात तारेकडे नेतात, पण तार आता गटाराच्या पलीकडे, पोचत नाही. भिंतीला एक कठडा लावायचा राहिलाय. न्हाणीच्या पायरीच्या कोपऱ्यात सांधा द्यायला आम्ही सगळेच विसरलो, तिथे सप्टेंबरात केसाएवढी चीर गेली. दिवाळीत तिथे कटर मारून डांबर भरणार आहोत. आणि पावसाने खळगे पाडलेला तो शेवटचा तुकडा तसाच ठेवलाय. मिस्त्री येता जाता तोंड वाकडं करतात, वरून पातळ माल मारून देतो म्हणतात. मी नको म्हणते, कारण शेवाळ सगळ्या वाटेत तिथेच सगळ्यात कमी धरलं.